शरीर इन्सुलीनला दाद देते का? रक्ततपासणीतील ‘होमा’ आकड्याची ओळख



निपाणी, चिकोडी, संकेश्वर किंवा बेळगावला रक्त तपासून घेतले की जो कागद हाती पडतो, त्यावर साखर, हिमोग्लोबिन, रक्तातील चरबी या ओळी आता आपल्या परिचयाच्या झाल्या आहेत. पण मोठी तपासणी केली असेल, तर त्याच कागदावर कधीकधी आणखी एक ओळ असते : ‘होमा-आयआर’. तिच्यापुढे २.१, ३.८, ५.२ असा एखादा आकडा असतो. साखरेची ओळ ठीक, आणि या ओळीवर मात्र ‘जास्त’ अशी खूण! घरातला मुलगा कागद वाचून दाखवतो, पण अर्थ सांगू शकत नाही. मग एक जण घाबरून जेवणच सोडतो, आणि दुसरा ‘साखर तर नाही ना?’ म्हणून कागद कपाटात ठेवून देतो. दोन्ही गोष्टी बरोबर नाहीत. हा आकडा काय सांगतो, काय सांगत नाही आणि तो पाहून आपण काय करावे, याचा विचार या लेखात करू.

इन्सुलीनचे काम

आपण भाकरी, भात, गूळ, फळ काहीही खाल्ले तरी त्यातील पिठूळ व गोड अंशाची शेवटी साखर होते आणि ती रक्तात उतरते. या साखरेवर स्नायू चालतात, मेंदू चालतो. परंतु रक्तातील साखर स्नायूंच्या आत जाण्यासाठी एका रसाची गरज असते. तो रस म्हणजे इन्सुलीन. जठराच्या मागे आडवी असलेली स्वादुपिंड नावाची ग्रंथी तो तयार करते. जेवण झाले की इन्सुलीन वाढते, स्नायू साखर ओढून घेतात, आणि यकृताला निरोप जातो की आता आपल्या कोठारातील साखर बाहेर सोडू नकोस. रात्री आपण उपाशी झोपतो, तेव्हा यकृत थोडी थोडी साखर सोडत राहते व थोडेसे इन्सुलीन तिच्यावर लगाम ठेवते.

१९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बॅन्टिंग व बेस्ट यांनी हा रस वेगळा काढला, आणि १९२२ च्या जानेवारीत तो प्रथम एका मधुमेही मुलाला टोचण्यात आला. तेव्हा असे वाटले की मधुमेह म्हणजे इन्सुलीनची टंचाई, एवढेच. परंतु १९३६ साली लंडनच्या हिम्सवर्थ या डॉक्टरांनी दाखवून दिले की मधुमेही रोग्यांचे दोन प्रकार आहेत. काहींना थोडे इन्सुलीन दिले तरी साखर झटकन उतरते. काहींना तेवढेच दिले तरी साखर हलत नाही. म्हणजे दुसऱ्या प्रकारात इन्सुलीन आहे, पण शरीर त्याला दाद देत नाही. यालाच ‘इन्सुलीन प्रतिरोध’ म्हणतात.

नांगराचा दाखला

ही गोष्ट शेतातल्या दाखल्याने लवकर समजेल. जमीन भुसभुशीत असेल, तर एक बैलजोडी सहज खोल तास काढते. तीच जमीन तुडवून, चिबडून, उन्हाने कडक झाली, तर दोन बैलांच्या जागी चार जुंपावे लागतात, मग सहा. बांधावर उभा राहून नुसता तास पाहणारा म्हणेल, ‘नांगरट झकास चालली आहे.’ पण बैलांकडे पाहणाऱ्याला त्यांच्या तोंडचा फेस दिसेल.

रक्तातील साखर म्हणजे तो तास, आणि इन्सुलीन म्हणजे बैल. शरीर दाद देईनासे झाले की स्वादुपिंड जास्त इन्सुलीन जुंपते. त्यामुळे साखर पुष्कळ वर्षे बरोबर दिसते. माणूस म्हणतो, ‘मला काही नाही.’ परंतु आत बैल दमत असतात. एक दिवस ते बसतात, तास उथळ पडू लागतो, म्हणजे साखर चढू लागते. मधुमेह त्या दिवशी ‘झाला’ असे आपण म्हणतो, पण त्याची पेरणी बऱ्याच वर्षांपूर्वी झालेली असते.

नुसती साखर मोजून ही आधीची वर्षे दिसत नाहीत. तास आणि बैल दोन्ही एकदम मोजले तर दिसतात. होमा आकडा नेमके हेच करतो.

आकडा कसा काढतात?

रक्तातील इन्सुलीन इतके सूक्ष्म असते की पूर्वी ते मोजताच येत नसे. न्यूयॉर्कच्या रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी १९६० च्या सुमारास ते मोजण्याची रीत शोधून काढली. या कामाबद्दल यॅलोबाईंना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर १९८५ साली इंग्लंडमधील ऑक्सफर्डच्या मॅथ्यूज, टर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपाशीपोटीच्या साखरेचा आणि इन्सुलीनचा मेळ घालणारा हा हिशेब मांडला. त्याच्याच इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडून ‘होमा’ हा शब्द झाला.

हिशेब शाळेतल्या मुलालाही येईल असा आहे. उपाशीपोटीची साखर (मिलिग्रॅममध्ये) गुणिले उपाशीपोटीचे इन्सुलीन, भागिले ४०५.

हे ४०५ कोठून आले? धडधाकट, सडपातळ, तरुण माणसाची उपाशीपोटी साखर ८१ आणि इन्सुलीन ५ धरले होते. ८१ गुणिले ५ बरोबर ४०५. म्हणजे अशा माणसाचा आकडा बरोबर १ येतो. आपला आकडा २ आला, तर ढोबळमानाने शरीराला साधे काम करवून घेण्यासाठी दुप्पट जोर लावावा लागत आहे असे समजावे.

आता एक उदाहरण घेऊ. एका माणसाची उपाशीपोटी साखर ९२ आहे. ती अगदी व्यवस्थित. पण त्याचे इन्सुलीन १८ आहे. ९२ गुणिले १८ म्हणजे १६५६. त्याला ४०५ ने भागले की ४.१ येतात. तास सरळ, पण बैल चौपट! हा माणूस मधुमेही नाही. पण त्याने आजच सावध झाले पाहिजे, आणि सावध होण्यास त्याच्यापाशी अजून वेळ आहे. या आकड्याचा खरा उपयोग हाच.

किती आकडा चांगला आणि किती वाईट, याची सर्व जगाला लागू पडेल अशी एकच रेघ नाही. पुष्कळ ठिकाणी २.५ च्या वर गेला की प्रतिरोध आहे असे धरतात. काही ठिकाणी रेघ २ वर, तर काही ठिकाणी ३ वर ओढतात. याचे कारण, इन्सुलीन मोजण्याची यंत्रे व रसायने निरनिराळ्या कंपन्यांची असतात आणि त्यांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. शिवाय इन्सुलीन रक्तात लाटांसारखे कमीजास्त होत असते. म्हणून आज २.४ आणि दोन महिन्यांनी २.७ आले तर त्याचा अर्थ लावत बसू नये. १.२ चे ४ झाले, किंवा ५ चे २ झाले, तर त्याला अर्थ आहे.

पुण्याजवळच्या सहा गावांची गोष्ट

कोणी म्हणेल, हे सारे शहरातल्या गलेलठ्ठ, खुर्चीवर बसणाऱ्या लोकांचे दुखणे. आम्ही राबणारे, अंगाने वाळलेले. आमचा याच्याशी काय संबंध? या प्रश्नाचे उत्तर आपल्यासारख्याच मराठी शेतकरी कुटुंबांनी दिले आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत एक काम हाती घेतले. गावातील तरुण स्त्रियांची गरोदर राहण्यापूर्वीपासून नोंद ठेवायची, त्या काय खातात, किती काम करतात हे पाहायचे, आणि जन्मलेल्या मुलांवर ती मोठी होईपर्यंत लक्ष ठेवायचे. या माता शेतात काम करणाऱ्या, अंगाने बारीक होत्या. त्यांच्या बाळांचे जन्माचे वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास भरले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन गावच्या बाळांचे सुमारे साडेतीन किलो होते.

पण तोलून थांबले नाहीत, मोजूनही पाहिले. तेव्हा एक अजब गोष्ट आढळली. आपली बाळे लहान होती, त्यांचे स्नायू कमी होते, पोटातील इंद्रिये लहान होती, परंतु कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला कृश, आतून चरबीदार. स्नायू हे साखर खपण्याचे मोठे ठिकाण. ते कमी, आणि चरबी जास्त, म्हणजे प्रतिरोधाची भूमी जन्मापासूनच तयार.

मुले सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्या रक्ताचा हाच होमा आकडा काढण्यात आला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले की ज्या मातांच्या रक्तात गरोदरपणी बी-१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फॉलिक अॅसिड जास्त होते, त्यांच्या मुलांत प्रतिरोध सर्वांत अधिक होता. या गावांतील निम्म्याहून अधिक मातांत बी-१२ कमी होते. ही मुले अठरा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. १०० मुलग्यांत ३७ आणि १०० मुलींत १८ जणांची साखर नेहमीच्या मर्यादेबाहेर गेली होती. त्यातील बहुतेकांना मधुमेह झालेला नव्हता, पण ते त्या वाटेवर होते. आणि तपासलेल्या मुलामुलींपैकी जवळजवळ निम्मी अंगाने बारीक, कमी वजनाची होती!

याच डॉ. याज्ञिकांनी व लंडनच्या डॉ. यडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापून हा मुद्दा सांगितला. दोघांचे उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे. परंतु शरीरातील चरबी यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. यडकिन लांब पल्ल्याच्या शर्यती धावत. याज्ञिकांनी विनोदाने लिहिले की आपला मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयातील लिफ्टचे दार बंद होण्यापूर्वी धावत गाठणे!

तेव्हा तराजूवर विश्वासून राहू नका. त्यापेक्षा कमरेची फीत बरी. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर पोट मोजावे. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेले तर ती आपल्या लोकांसाठी धोक्याची खूण आहे. शिंप्याकडची फीत यासाठी पुरते, पैसा लागत नाही.

आकडा कोठे फसवतो?

आता या आकड्याची दुसरी बाजू. ती न समजल्याने नुकसान होऊ शकते.

समजा एका माणसाची उपाशीपोटी साखर १६० आहे आणि इन्सुलीन फक्त ४. हिशेब करा : १६० गुणिले ४ म्हणजे ६४०, भागिले ४०५, उत्तर १.६. कागदावर ‘होमा’ ठीक, काळजीचे कारण नाही असे वाटेल. पण उपाशीपोटी १६० साखर म्हणजे मधुमेह! येथे बैलच उरले नाहीत, म्हणून बैलांची संख्या कमी दिसते. पुण्याच्या त्या गावांतील तरुणांतही ज्यांची साखर बिघडली, त्यांच्यात इन्सुलीन तयार करण्याची ताकद लहानपणापासूनच अपुरी होती. बारीक अंगाच्या शेतकऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे.

म्हणून कागद वाचताना क्रम असा ठेवा. प्रथम उपाशीपोटीची साखर पाहा. १०० च्या आत असेल तर बरी. १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर. १२६ किंवा अधिक असेल आणि दुसऱ्या दिवशीही तशीच भरली, तर तो मधुमेह. त्यानंतर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ‘एचबीए१सी’ तपासणी : ५.७ च्या आत बरी, ५.७ ते ६.४ उंबरठा, ६.५ व पुढे मधुमेह. रक्तक्षय असलेल्या बायकांत ही सरासरी चुकीची येऊ शकते, हे डॉक्टरांना सांगावे. होमाची पाळी त्यानंतर. मधुमेह आहे की नाही हे होमावरून ठरवत नाहीत. आणि इन्सुलीनची इंजेक्शने घेणाऱ्याने तर हा आकडा काढूच नये, कारण टोचलेले इन्सुलीन हिशेबात मिसळते.

ही तपासणी प्रत्येकाने करावी काय?

नाही. साखरेच्या तपासणीपेक्षा इन्सुलीनच्या तपासणीला पैसे बरेच जास्त पडतात, आणि पुष्कळांच्या बाबतीत तिने उपचारात काही फरक पडत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रांत व उपकेंद्रांत ३० वर्षांवरील स्त्री-पुरुषांची मधुमेह व रक्तदाबाची तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमाखाली केली जाते. पहिले पाऊल तेथे टाकावे. घरात आईवडिलांना मधुमेह असेल, कंबर मोठी असेल, रक्तदाब असेल, बाळंतपणात साखर वाढली असेल, तर मग डॉक्टरांना विचारून पुढच्या तपासण्या कराव्यात. मुलीची पाळी महिनोन् महिने येत नाही, चेहऱ्यावर लव वाढते, किंवा सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली आहे, अशा वेळी डॉक्टर स्वतःहून इन्सुलीन पाहायला सांगतात. शिबिरात स्वस्त मिळते म्हणून तीस-चाळीस तपासण्यांचा गठ्ठा घेण्याची गरज नाही.

एक खूण मात्र घरच्या घरी दिसते. मानेच्या मागे, काखेत कातडी काळवंडते, जाडसर व मखमलीसारखी होते. आया मुलांना मळ समजून घासून घासून न्हाऊ घालतात, पण तो मळ नसतो. आत इन्सुलीन फार वाढल्याची ती बहुधा खूण असते. अशा मुलाला रागावू नका, डॉक्टरांना दाखवा.

रक्त देण्यापूर्वी

चुकीच्या वेळी दिलेल्या रक्ताचा आकडा चुकीचा येतो. यासाठी पुढील गोष्टी पाळा.

१. आदल्या रात्री नेहमीसारखे जेवा. त्यानंतर ८ ते १२ तास साध्या पाण्याशिवाय काही नको. सकाळचा चहा नाही, बिनसाखरेचाही नाही.

२. त्या सकाळी बिडी, तंबाखू, मिसरी नको.

३. रात्री वीज आली म्हणून उसाला पाणी पाजत जागलात, तर दुसऱ्या दिवशी रक्त देऊ नका. एका रात्रीच्या जागरणानेही प्रतिरोध वाढतो. ताप, जखम, पिकलेले गळू असतानाही थांबा.

४. चालत किंवा सायकलवर गेला असाल तर पंधरा मिनिटे शांत बसा, मग हात पुढे करा.

५. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टिरॉइड गोळ्या चालू असतील तर सांगा.

६. पुन्हा तपासायचे तर त्याच केंद्रात तपासा. गावातून नमुना शहरात पाठवताना तो हिंदकळून खराब झाला तर इन्सुलीन खोटे कमी येते. म्हणून शक्यतो जेथे यंत्र आहे तेथेच रक्त द्यावे.

आकडा खाली कसा आणायचा?

सुदैवाने कडक झालेली जमीन पुन्हा भुसभुशीत करता येते. २००६ साली चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीय लोकांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीचा सल्ला देऊन सोडले, त्यांच्यातील १०० पैकी ५५ जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांचे चालणे व जेवण सुधारले, त्यांच्यात तो ३९ जणांना झाला. म्हणजे दर १०० मागे १६ माणसे केवळ सवयी बदलून त्या तीन वर्षांत वाचली. आपल्या देशात १० कोटींवर लोक मधुमेही आणि १३ कोटींवर उंबरठ्यावर असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्या उंबरठ्यावर आपल्या गावचेही लोक उभे आहेत. त्यांतील कोणाचे डोळे, कोणाची किडनी आणि कोणाचा पाय वाचणार, हा प्रश्न आहे. मधुमेही शेतकऱ्याच्या पायाला काटा लागला तर तो कळत नाही, चिघळतो, आणि कधी पाय कापावा लागतो. शेतकऱ्याचा पाय गेला म्हणजे घराचा आधार गेला.

अंगमेहनत : शेतकरी मेहनत करतो, हे खरे. पण जरा हिशेब करा. नांगरट ट्रॅक्टरने, मळणी यंत्राने, मळ्यात जाणे मोटारसायकलने, ऊस तोडायला टोळी. वर्षातले किती दिवस घाम येतो? निपाणी भागात विड्या वळणाऱ्या आमच्या भगिनी तर दिवसभर मांडीवर सूप घेऊन एका जागी बसतात. त्यांनी अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटे चालावे. इतरांनी रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे, आणि दिवसातून एकदा अर्धा तास झपझप चालावे. चालताना स्नायू इन्सुलीनची वाट न पाहताही साखर ओढून घेतात, म्हणून याचा गुण त्याच दिवशी सुरू होतो. आठवड्यातून दोनतीनदा ओझे उचलण्याचे, खोरे-कुदळीचे काम स्वतः करावे. स्नायू वाढला की साखरेला जागा वाढते.

ताट : दुपारी-रात्री भाताचा ढीग आणि वर पातळ आमटी, हा प्रकार सोडावा. अर्धे ताट पालेभाजी-फळभाजी, पाव ताट डाळ, मटकी, हुलगा, अंडी किंवा मासे, आणि उरलेल्या पावात भाकरी किंवा भात. जोंधळ्याची, नाचणीची भाकरी चांगली, पण चार-चार नव्हे. नाचणी औषध आहे म्हणून पोटभर खाल्ली तर तिचीही साखरच होते. वजन जास्त असेल तर शंभर किलोच्या माणसाने सहा-सात किलो, सत्तर किलोच्या माणसाने चार-पाच किलो उतरवले तरी आकड्यात चांगला फरक पडतो. अंगाने बारीक असलेल्याने मात्र उपासमार करू नये. त्याला स्नायू हवे आहेत, म्हणून डाळी, अंडी, दूध व मेहनत.

चहा आणि गूळ : दिवसाला सहा कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, चमचा पाच ग्रॅमचा. म्हणजे दिवसाला ६० ग्रॅम आणि महिन्याला १ किलो ८०० ग्रॅम साखर एकट्या माणसाच्या पोटात, तीही चहातूनच! आपण ऊस पिकवणारे आणि गुऱ्हाळ चालवणारे लोक. ‘गूळ चालतो’ असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. पण गूळ आणि साखर एकाच उसाच्या रसातून निघतात, आणि गुळाचा बहुतांश भागही साखरच असतो. पिकवावे, विकावे, सणाला तोंड गोड करावे. पण रोजचा कप निम्म्यावर आणावा.

तंबाखू : निपाणीचे नाव तंबाखूने सर्वत्र पोचवले, आणि या पिकावर आपल्यातील पुष्कळांची घरे उभी राहिली. तरी खरे ते सांगितले पाहिजे. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत इन्सुलीन प्रतिरोध वाढतो आणि मधुमेहाचा संभव अधिक असतो. मधुमेह आणि धूम्रपान एकत्र आले म्हणजे पायाच्या रक्तवाहिन्या लवकर बंद पडतात. पीक हा वेगळा प्रश्न आहे. ओढणे आज थांबवता येते.

सुनेचे व लेकीचे ताट : पुण्याच्या त्या गावांत असेही दिसले की ज्या गरोदर बायकांच्या जेवणात पालेभाजी, फळे व दूध अधिक वेळा होते, त्यांची बाळे जन्मतः चांगली भरली. बेळगाव परिसरातील गावांतही असे काम झाले आहे. येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने भाग घेतलेल्या आणि २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या चार देशांतील प्रयोगात, गर्भ राहण्यापूर्वी किमान तीन महिने पोषक पुरवणी घेतलेल्या मातांच्या बाळांची जन्मवेळची लांबी अधिक चांगली भरल्याचे आढळले. आपल्या घरांत मात्र काय चालते? बाजाराला जाण्यासाठी मेथीच्या पेंढ्या बांधतात, डेअरीला दूध घालतात, आणि सून सर्वांच्या मागून उरलेले खाते. एक पेंढी व एक पेला दूध घरी ठेवा. बी-१२ हे दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळते, नुसत्या भाकरी-भाजीतून मिळत नाही. मात्र एक गैरसमज करून घेऊ नका : गरोदरपणी सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोह व फॉलिक अॅसिडच्या गोळ्या बंद करू नयेत, त्या बाळाच्या व आईच्या हिताच्या आहेत. बी-१२ ची जोड हवी का, एवढे डॉक्टरांना विचारावे.

औषधे व उपवास : काहींना डॉक्टर मेटफॉर्मिन नावाची गोळी देतात. ती यकृतातून सुटणारी साखर आवरते. शेजाऱ्याची चिठ्ठी पाहून ती घेऊ नये. पुष्कळ वर्षे ती घेणाऱ्यांत बी-१२ कमी होऊ शकते, म्हणून तेही कधीतरी तपासावे. बाजारातील निनावी पुड्या घेऊन डॉक्टरांची गोळी बंद करणे घातक आहे. उपवासकाळात ज्यांना मधुमेहाची गोळी किंवा इंजेक्शन चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी राहू नये. आजाऱ्याला चर्चने उपवासातून मोकळीक दिलेली आहे. त्याऐवजी चहातील साखर सोडणे हाही त्यागच आहे.

फार तहान लागणे, रात्री वारंवार लघवीला उठणे, खाऊनही वजन घटणे, जखम न भरणे, ही लक्षणे असतील तर होमाबिमाच्या नादी न लागता त्याच दिवशी साखर तपासा.

सारांश

होमा आकडा हा निकाल नव्हे, इशारा आहे. तो एकटा वाचू नये, साखर व कमरेच्या मापाबरोबर वाचावा. जास्त आला तर घाबरून जेवण सोडू नये, आणि साखर ठीक आहे म्हणून दुर्लक्षही करू नये. तीन ते सहा महिने चालणे, ताट व चहा सुधारून त्याच केंद्रात पुन्हा रक्त द्यावे. जमिनीची माती परीक्षणाला पाठवून तिचा अहवाल आपण नीट वाचतो, खताचा हिशेब करतो. जी माणसे ती जमीन कसतात, त्यांच्या रक्ताचा अहवालही तेवढ्याच काळजीने वाचला पाहिजे. या आठवड्यात घरातील सर्वांची कंबर फितीने मोजा, आणि तीस वर्षे ओलांडलेल्या प्रत्येकाची साखर जवळच्या आरोग्य केंद्रात तपासून घ्या.